लिटर नको, उंची सांगा

दिल्लीत मोठा कुत्रा पाळणाऱ्या घरांची गाडी वर्षानुवर्षं ठरलेली होती. डिझेलची एसयूव्ही. स्कॉर्पिओ, सफारी, नाहीतर इनोव्हा. मागची सीट पाडायची, सतरंजी अंथरायची, लॅब्राडोर उडी मारून आत. ही सोय आता संपत आली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचा हुकूम निघाला, लोक खवळले, काही दिवसांत तो मागे पडला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला लगाम घातला. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच उरलं.

म्हणजे दहा वर्षांची बीएस-४ डिझेल गाडी वाचली? कागदावर वाचली. हिवाळ्यात हवा बिघडली, हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढे गेला आणि प्रदूषण रोखायच्या टप्प्याटप्प्याच्या आराखड्याचा, म्हणजे ‘ग्रॅप’चा, तिसरा टप्पा लागला की बीएस-४ डिझेल मोटारी दिल्लीत, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये रस्त्यावर आणता येत नाहीत. आणली तर दंड वीस हजार. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा निर्देशांक ४९० च्या वर होता. नेमक्या अशाच आठवड्यात कुत्र्याला धाप लागते, खोकला होतो, डॉक्टर गाठावा लागतो आणि गाडी बेसमेंटमध्ये अडकून पडते.

दुसरं वाहन नाही. मेट्रोत पाळीव प्राणी चालत नाहीत. रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीची अख्खी कूपे किंवा केबिन मिळवा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात कोंडा. तीस किलोचं जनावर दिसलं की टॅक्सीवाला राइड रद्द करतो. म्हणून नोएडा, द्वारका, गुरुग्राम इथल्या श्वानप्रेमी घरांत सध्या एकच चर्चा आहे: इलेक्ट्रिक घ्यायची, पण कोणती?

घ्याच. ‘ग्रॅप’च्या कुठल्याही टप्प्यात इलेक्ट्रिक मोटार अडत नाही. पण ज्या निकषांवर लोक ती निवडतात ते चुकीचे आहेत. पडदा किती इंचांचा, शून्य ते शंभर किती सेकंदांत, एका चार्जवर किती किलोमीटर. यातला एकही प्रश्न मागे बसणाऱ्या जिवाच्या कामाचा नाही. त्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता यायला हवं. वारा लागायला हवा. पोट ढवळायला नको. गाडी याच क्रमाने निवडा.

लिटरने फसू नका

डिकीची जागा कंपन्या लिटरमध्ये सांगतात. मोजायची रूढ पद्धत अशी: एक-एक लिटरचे ठोकळे, वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, पाच जाड, डिकीत रचायचे आणि मोजायचे. ठोकळा छताच्या उतारात बसतो. फळीखालच्या खोबणीतही बसतो. कुत्र्याची मान यातल्या कुठेच बसत नाही.

महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ची डिकी ६६३ लिटर. आकडा दणदणीत. पण गाडी कूपे घाटाची आहे, छत मागे उतरत जातं. टाटाच्या कर्व्ह ईव्हीचं तेच. डिकी ५०० लिटर, पाठ उतरती. सामानाला उत्तम, उभ्या कुत्र्याला नाही. हॅरियर ईव्हीची डिकी ५०२ लिटर, कर्व्हपेक्षा दोनच जास्त, पण तिची पाठ सरळ आहे. या दोन आकड्यांवरून कुणालाही वाटेल की दोन्ही गाड्या सारख्याच. कुत्र्यासाठी त्या अजिबात सारख्या नाहीत.

लॅब्राडोर खांद्याशी साधारण ५५ ते ६२ सेंटिमीटर. जर्मन शेफर्ड नर ६० ते ६५. ग्रेट डेन ७५ च्या पुढे. त्यावर मान आणि डोकं. आपल्याकडचे देशी शिकारी कुत्रे तर हा हिशेबच उलटा करतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्या जातीची कुत्री इंग्लंडच्या राजाला भेट दिली, ती मुधोळ जात किंवा मराठवाड्यातला कारवानी घ्या. वजन लॅब्राडोरपेक्षा कमी, उंची त्याच्यापेक्षा जास्त. ‘कुत्रा किती किलोचा?’ असं विचारून गाडी दाखवणारा विक्रेता या कुत्र्याला हमखास चुकीच्या गाडीत बसवेल.

म्हणून शोरूममध्ये टेप न्या. चार मापं घ्या. डिकीच्या फरशीपासून छतापर्यंतची उंची, तीही दार बंद केल्यावर जिथे काच येते तिथली. सीट पाडल्यावर सपाट मिळणारी लांबी. चाकांच्या कमानींमधली रुंदी. आणि डिकीची कड जमिनीपासून किती वर आहे ते. हे चौथं माप सगळे विसरतात. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असते, त्यामुळे फरशी बऱ्याचदा उंचावते. दोन वर्षांचा लॅब्राडोर टुणकन चढेल. नऊ वर्षांचा, कंबर धरलेला लॅब्राडोर चढणार नाही आणि तीस किलो उचलून तुमचीही कंबर धरेल. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची आहे. कुत्रा त्यात म्हातारा होणार. मापं म्हाताऱ्या कुत्र्याची धरा आणि चढ-उतारासाठी घडीची फळी पहिल्याच दिवशी घ्या.

कुठे बसणार, ते आधी ठरवा

घरात माणसं दोन की पाच, यावर सगळं अवलंबून आहे.

दोन किंवा तीन माणसं असतील तर कुत्र्याला मागची सीटच द्या. तिथे एसीचा झोत असतो, पट्ट्याचं कुलूप असतं, नजर असते. या कामाला एमजी विंडसर चांगली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७०० मिलिमीटर, मागे पाय ठेवायला ऐसपैस जागा, सीटची पाठ १३५ अंशांपर्यंत मागे झुकते. तिची डिकीही पहिल्या आवृत्तीत ६०४ लिटर आहे. ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकची डिकी ४३३ लिटर. मध्यम कुत्र्याला पुरेशी, मोठ्याला अपुरी. पंच ईव्ही ३६६ आणि नेक्सॉन ईव्ही ३५० लिटर. या दोन गाड्या चांगल्या आहेत, पण जर्मन शेफर्डसह चौकोनी कुटुंबासाठी नाहीत. कितीही आवडल्या तरी घेऊ नका.

चार-पाच माणसं असतील तर मोठा कुत्रा मागे जाणार. इथे माझं मत स्पष्ट आहे: तीन रांगांची गाडी घ्या आणि तिसरी रांग कायमची पाडून ठेवा. किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही, बीवायडी ईमॅक्स ७, महिंद्रा एक्सईव्ही ९एस. कारण जागेचं कमी आणि वाऱ्याचं जास्त आहे. पाच आसनी गाडीच्या डिकीत एसीचा झोत नसतो. पुढे बसलेल्यांना गारठा आणि मागच्या काचेला चिकटलेल्या जिवाला मे महिन्याचं ऊन. तीन रांगांच्या गाडीत शेवटच्या रांगेत माणूस बसणार हे धरून रचना केलेली असते. तिथला झोत तुमच्या कुत्र्याला आयता मिळतो. मात्र गाडी पाहताना तिसऱ्या रांगेत स्वतः बसा, एसी लावा, हाताला वारा लागतो का बघा. नुसती जाळी असून भागत नाही.

काचेचं छत टाळा, किंवा ते झाकायचा पडदा आहे का ते पाहा. काचांवर काळी फिल्म हा उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घातली आहे आणि दिल्ली पोलीस पावती फाडतात. मागच्या दारांना कंपनीनेच दिलेला सरकता पडदा असेल तर ती गाडी दोन पावलं पुढे.

चाळीस अंश आणि बंद काच

इलेक्ट्रिक गाडीचा कुत्र्यासाठीचा सगळ्यात मोठा गुण इथे आहे आणि जाहिरातीत तो कुणी सांगत नाही.

२९ मे २०२४ ला सफदरजंगला ४६.८ अंश तापमान होतं. उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून दहा मिनिटांत दहाएक अंशांनी आणि तासाभरात वीस ते पंचवीस अंशांनी तापते. काच चार बोटं खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून गार होतो आणि धापेतून आत येणारी हवाच तापलेली असेल तर गार होण्याची वाट बंद होते. त्याचं नेहमीचं तापमान साडेअडतीसच्या आसपास. एक्केचाळीसच्या पुढे गेलं की जीव धोक्यात. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग, दाट केसांचे हस्की आणि सेंट बर्नार्ड यांना तर वेळच मिळत नाही.

डिझेल गाडीत एसी चालू ठेवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं. बंदिस्त बेसमेंटमध्ये त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसालाही मारतो. इलेक्ट्रिक गाडीत हा धोका नाही. उभ्या गाडीचा एसी दिल्लीच्या उन्हाळ्यात तासाला साधारण एक ते दोन युनिट खातो. पंचेचाळीस युनिटच्या बॅटरीला हे काहीच नाही. निघण्याआधी दहा मिनिटं फोनवरून एसी लावा. कुत्रा गार गाडीत चढेल. भाजलेल्या सीटवर त्याला बसवायचं कारण उरत नाही.

टेस्लाने फेब्रुवारी २०१९ मध्ये यासाठी ‘डॉग मोड’ दिला. मालक बाहेर असताना एसी चालू राहतो, पडद्यावर आतलं तापमान मोठ्या आकड्यात दिसतं, म्हणजे येणारा-जाणारा काच फोडत नाही. बॅटरी वीस टक्क्यांखाली गेली की फोनवर कळतं. टेस्लाची मॉडेल वाय जुलै २०२५ मध्ये भारतात आली, किंमत ५९.८९ लाखांपासून पुढे. साठ लाख मोजणाऱ्याच्याच कुत्र्याला उष्माघात होतो असं नाही. हे काम बहुतांशी सॉफ्टवेअरचं आहे. वीस लाखांची गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ते द्यायला हवं आणि प्रत्येक ग्राहकाने ते मागायला हवं.

शोरूममध्ये ‘पेट मोड आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. हे विचारा: गाडी कुलूपबंद केल्यावर एसी चालू राहतो का? किती वेळ? बॅटरी किती टक्क्यांवर आली की आपोआप बंद होतो? बंद झाला तर फोनवर कळतं का? आणि बेसमेंटमध्ये नेटवर्क नसेल तर? शेवटच्या प्रश्नावर विक्रेता गप्प झाला तर उत्तर मिळालं. अशी सोय नसलेल्या गाडीत किल्ली आत ठेवून एसी चालू सोडू नका. पंजा कुलपाच्या बटणावर पडला की कुत्रा आत, किल्ली आत, तुम्ही बाहेर. आणि सोय असली तरी ती औषधाच्या दुकानात पाच मिनिटं जाऊन येण्यासाठी आहे. मॉल फिरून येण्यासाठी नाही.

कायद्याचा धाक म्हणाल तर तो नाहीच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दिल्लीत एवढ्यात धड पार्किंगही मिळत नाही. संसदेने हा आकडा साठ वर्षांहून अधिक काळ तसाच ठेवला, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पट्टा कुणाला?

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. कुत्र्याची झाली नाही.

साधा हिशेब करा. ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतली मोकळी वस्तू आपल्या वजनाच्या साधारण वीस पट जोराने पुढे येते. तीस किलोचा कुत्रा सहाशे किलोच्या जोराने. हरियाणातली धष्टपुष्ट मुऱ्हा म्हैस पाठीवर येऊन आदळावी एवढं हे. समोर मूल बसलेलं असेल तर काय होईल, ते लिहायची गरज नाही.

तेव्हा छातीवरून जाणारा रुंद हार्नेस आणि तो सीटबेल्टच्या कुलपात अडकवणारा आखूड पट्टा. गळपट्ट्याला कधीही बांधू नका, मान मोडते. डिकीत बसवत असाल तर माणसांच्या सीटमागे धातूची जाळी हवी. सामान अडकवायच्या कड्या फरशीत पक्क्या आहेत का, प्लॅस्टिकच्या आहेत का, हे हाताने ओढून पाहा. पुढच्या सीटवर कुत्रा कधीच नको. समोरची एअरबॅग माणसाच्या छातीचा अंदाज धरून फुगते, कुत्र्याच्या तोंडाचा नाही. मांडीवर पिल्लू घेऊन स्टिअरिंग फिरवणारे गुरुग्रामच्या गोल्फ कोर्स रोडवर रोज दिसतात. ते प्रेम नव्हे, निष्काळजीपणा आहे.

खिडक्यांची बटणं चालकाच्या दारावरून बंद करा. डिकीचं विजेवर उघडणारं दार असेल तर ते चुकून उघडणार नाही अशी सोय समजून घ्या. डिकी उघडताच रस्त्यावर उडी मारणारा कुत्रा हा काल्पनिक प्रसंग नव्हे.

उलटीचं कारण तुमच्या पायात आहे

इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्रासारखं काम करून वीज बॅटरीत परत टाकते आणि गाडीला ब्रेक लागल्यासारखं होतं. पाय ठेवला की पूर्ण जोर क्षणात मिळतो. माणसाला हे आवडतं, तो हातात स्टिअरिंग धरून बसलेला असतो. मागे चार पायांवर उभा असलेला जीव पुढे घसरतो, मागे आपटतो आणि नोएडाच्या सेक्टर बासष्टपर्यंत जाईतो ओकतो. मग घरचे म्हणतात, कुत्र्याला नवी गाडी मानवत नाही.

मानवत नाही ते तुमचं चालवणं. ब्रेकमधून वीज परत घेण्याची पातळी सगळ्यात खाली ठेवा. बहुतेक गाड्यांत ती बदलता येते. इको मोड लावा. प्रवासाआधी तीन-चार तास जेवण देऊ नका. फरशीवर न घसरणारी रबरी चटई हवी, चकचकीत आवरण नको. पहिले काही दिवस नुसती सोसायटीच्या आवारात फेरी. एवढं केलंत की इलेक्ट्रिक गाडी कुत्र्याला डिझेलपेक्षा जास्त आवडते. इंजिनाची थरथर नाही, गिअरचा धक्का नाही, धूर नाही.

आतला रंग पांढरा-क्रीम असेल तर घेऊ नका. नखं आणि लाळ यांच्यापुढे कुठलंही ‘प्रीमियम’ आवरण टिकत नाही. गडद रंग, घट्ट बसणारं धुता येणारं आच्छादन, बस.

सोसायटीचं दार

आता खरा अडथळा. तो कंपनीच्या कारखान्यात नाही, तुमच्याच इमारतीत आहे.

दिल्ली परिसरातल्या कित्येक सोसायट्यांत दोन गोष्टींना हमखास हरकत येते. लिफ्टमधल्या कुत्र्याला आणि बेसमेंटमधल्या चार्जरला. कारणंही तीच. ‘लोक तक्रार करतात.’ ‘धोका आहे.’ ‘एकाला दिलं तर सगळे मागतील.’ दोन्ही बाबतींत नियम तुमच्या बाजूने आहेत आणि ते ठाऊक असायलाच हवेत.

कुत्र्याबद्दल: भारतीय पशुकल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. बदल्यात तुमचंही कर्तव्य आहे. नोएडा प्राधिकरणाने २०२२ च्या धोरणात नोंदणी आणि लसीकरण सक्तीचं केलं, चावल्यास दहा हजारांचा दंड आणि उपचाराचा खर्च मालकावर टाकला. हे योग्यच आहे. नोंदणी करा, लस टोचा, पट्टा हातात ठेवा, घाण उचला. शेजाऱ्याच्या लहान मुलाला भीती वाटते, ती खरी आहे. ती नाकारून कुत्र्याचा हक्क मागता येणार नाही.

चार्जरबद्दल: केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमावलीत बदल करून नव्या इमारतींच्या पार्किंगमधल्या वीस टक्के जागांवर चार्जिंगची तयारी ठेवायला सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. दिल्लीत बीएसईएस आणि टाटा पॉवरच्या वीजकंपन्या असा चार्जर बसवून देतात, त्यासाठी चार्जिंगचा वेगळा दर आहे, युनिटला साडेचार रुपये आणि वर अधिभार.

आणि मागायचं तेही मोठं नाही. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर फिरणाऱ्या घराला सहा-सात युनिट लागतात. पंधरा अँपिअरचा साधा प्लग रात्रीच्या आठ तासांत पंचवीसेक युनिट देतो. एका एसीच्या दीडपट-दुप्पट भार, एक वेगळा मीटर, नीट अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच. सचिवांपुढे हा हिशेब कागदावर ठेवा. तोंडी भांडण नको, लेखी अर्ज करा, पोच घ्या. गाडीची बुकिंग रक्कम भरण्याआधी हे करा. आधी गाडी आणि मग प्लगसाठी धावाधाव, हा क्रम घराघरात भांडणं लावतो.

लांबचा पल्ला

दिल्लीहून जयपूर पावणेतीनशे किलोमीटर. चंदिगड अडीचशे. कंपनीने सांगितलेल्या पल्ल्याचे दोन तृतीयांश धरा. क्लॅव्हिसच्या मोठ्या बॅटरीचा दावा ४९० किलोमीटर, म्हणजे सव्वातीनशे हाताशी. जयपूर किंवा चंदिगड एका दमात होतं, पण एका दमात जाऊच नका. कुत्र्याला दर दोन-अडीच तासांनी उतरवावंच लागतं. पाणी, पाय मोकळे, लघवी. वेगवान चार्जरवर तीस-चाळीस मिनिटं जातातच. दोघांचं वेळापत्रक जुळतं. इलेक्ट्रिक गाडीने लांब जाता येत नाही, ही तक्रार श्वानमालकाच्या तोंडी शोभत नाही.

तक्रार करायची तर सावलीची करा. हमरस्त्यावरचे कितीतरी चार्जर उघड्यावर आहेत. पेट्रोल पंपाला छप्पर असतं, चार्जरला का नाही? दुपारचं डांबर पंजे भाजतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला तिथे उतरवू नका. जे चार्जर ढाब्याच्या किंवा झाडांच्या सावलीत आहेत ते आधीच हेरून ठेवा.

इथल्या मराठी घरांपुढे दरवर्षी मेमध्ये एक प्रश्न उभा राहतो. गावी जायचं, पुणे-नाशिकला, तर कुत्र्याचं काय? रस्त्याने पुणे सुमारे चौदाशे किलोमीटर. दोन मुक्काम, दिवसाला दोन-तीन चार्ज, पहाटे निघायचं, दुपारी बारा ते पाच थांबायचं, कुत्रा चालणारी हॉटेलं आधी फोन करून ठरवायची. दिवाळीत हे जमतं आणि आनंदाने जमतं. मेमध्ये राजस्थानातून हस्की किंवा सेंट बर्नार्ड नेऊ नका, गाडी कोणतीही असो. त्याला ओळखीच्या घरी ठेवा. आजी-आजोबांना तो दिवाळीत भेटेल.

पैसे

इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी पाच टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर चाळीस. दिल्लीने २०२० च्या धोरणात इलेक्ट्रिक वाहनांचा रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केलं. दिल्ली, उत्तर प्रदेश आणि हरियाणा यांचे नियम वेगळे आहेत आणि मुदती बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीची सवलत परिवहन कार्यालयाकडून तपासा. बाजारात आल्या तेव्हाच्या शोरूम किमती: विंडसर साडेतेरा लाखांपासून, क्लॅव्हिस ईव्ही १७.९९ लाख, एक्सईव्ही ९एस १९.९५ लाख, हॅरियर ईव्ही २१.४९ लाख. सर्वांत वरच्या आवृत्तीत लाखभर जादा देऊन दुसरा पडदा घेण्याऐवजी खालची आवृत्ती घ्या. वाचलेल्या पैशांत जाळी, हार्नेस, चढायची फळी आणि चार्जरची पक्की वायरिंग होते, वर काही उरतंही.

तर मागणी अशी

कंपन्यांनी डिकीची उंची, लांबी, रुंदी आणि कडेची उंची सेंटिमीटरमध्ये छापावी. मागच्या भागात एसीचा झोत किती पोहोचतो ते सांगावं. कुलूपबंद गाडीत एसी चालू ठेवायची सोय सगळ्यात स्वस्त आवृत्तीतही द्यावी. सोसायट्यांनी प्लग आणि लिफ्ट या दोन्हींसाठी लेखी नियम करावेत, म्हणजे दर महिन्याच्या सभेत तेच भांडण होणार नाही. महामार्ग प्राधिकरणाने चार्जरवर छप्पर घालावं. संसदेने पन्नास रुपयांचा दंड बदलावा.

आणि आपण? पैसे भरण्याआधी कुत्र्याला शोरूममध्ये घेऊन जा. त्याला स्वतः चढू द्या, उभं राहू द्या, वळू द्या, आडवं होऊ द्या. एसी लावून वीस मिनिटं फिरवून आणा. गाडी खराब होईल म्हणून जे शोरूम नाही म्हणेल, तिथली गाडी घेऊ नका. दुसरं शोरूम चार किलोमीटरवर आहे.